काठ बघून घ्यायचा करंडा : जपानहून नागपुरात आलेले चार ‘कोगो’

कुंकवाचा करंडा किंवा कोयरी ज्या घरात आहे तिथे जपानी ‘कोगो’ समजावून सांगायला वेळ लागत नाही. पाच-सहा सेंटीमीटरची, तळहातात मावणारी झाकणाची डबी. फरक एवढाच की हिच्यात कुंकवाऐवजी उद ठेवतात. चहाविधीत यजमान निखारे रचतो, या डबीतला सुगंधी गोळा निखाऱ्याजवळ ठेवतो आणि मग पाहुणे डबी हातात घेऊन निरखून बघतात. नोव्हेंबर ते एप्रिल, म्हणजे जमिनीतली चूल उघडी असते त्या दिवसांत, चिनी मातीचा करंडा वापरतात. मे ते ऑक्टोबर लाखकामाचा किंवा लाकडाचा. कारण अगदी व्यवहारातलं आहे. थंडीत वापरायचा उद म्हणजे ‘नेरिको’. सुगंधी लाकडांची पूड आणि कोळशाची भुकटी मधात मळून केलेली काळी, चिकट गोळी. ती लाकडात मुरून कायमचा डाग पाडते, चिनी मातीवर फार तर फिकट डाग उरतो. तरीही गोळीखाली कॅमेलियाचं पान घालतात.

जपानी लिलावांत खरेदी करून देणाऱ्या एका मध्यस्थ सेवेमार्फत असे चार करंडे नागपुरात मागवले, त्यांचा हा परीक्षण-अहवाल. चारांची मिळून किंमत २७,३०० येन. मध्यस्थाची दलाली, जपानमधलं टपाल, पार्सलं एकत्र बांधण्याचा आकार आणि भारतापर्यंतचं टपाल धरून त्यावर आणखी सुमारे ९,००० येन. सीमाशुल्क वेगळं. निकाल आधीच सांगतो : एक करंडा उत्तम, एक पहिल्या खरेदीसाठी चांगला, एक सुंदर पण पोर्सेलिन (दाट, पांढरी चिनी माती) नसलेला, आणि एक मुळात उदाचा करंडाच नव्हे. मध्यस्थाला पाचपैकी तीन गुण.

आधी काठ

नवखा माणूस झाकणावरचं चित्र बघतो. भाव मात्र ठरतो झाकण आणि बूड जिथे भेटतात त्या काठावर. चारही करंड्यांबद्दल पुढे जे म्हटलं आहे ते बहुतेक तिथूनच निघालं आहे, म्हणून हा भाग जरा सविस्तर.

पोर्सेलिन भट्टीत साधारण १२५० ते १३०० अंशांना भाजतं आणि भाजताना चांगलंच आक्रसतं. झाकण एकीकडे, बूड दुसरीकडे भाजलं तर दोन्ही आपापल्या परीने वाकतात आणि मग बसत नाहीत. म्हणून झाकण बुडावर ठेवूनच भाजण्याची पद्धत आहे. वाकले तर दोघं मिळून वाकतात. पण झिलई लावलेले दोन काठ एकमेकांना टेकले तर वितळून चिकटतील, म्हणून भाजण्याआधी काठावरची झिलई पुसून काढतात. हा उघडा, खरखरीत, पांढरा काठ म्हणजे करंड्याची जन्मपत्रिका. बोट फिरवलं की बारीक सॅंडपेपरसारखा लागतो.

त्यातून चार गोष्टी तपासता येतात. पहिली : झाकण हळूच उचलून थोडं थोडं फिरवून ठेवत जायचं. गोल करंडा असेल तर पूर्ण फेरी, चौकोनी असेल तर चारही बाजू. जोडी मूळची असेल तर एकाच जागी ते शांत बसतं, बाकी ठिकाणी हलकं डगमगतं. सगळीकडे सारखंच डगमगत असेल तर झाकण दुसऱ्या करंड्याचं असण्याची शंका घ्यायची. दुसरी : झाकण आणि बूड शेजारी शेजारी उलटं ठेवून दिवसाच्या उजेडात दोन्ही काठांचा रंग बघायचा. एकाच मातीचे असतील तर निळसर-पांढरी किंवा राखट झाक दोन्हीकडे सारखी येते. एक काठ दुधासारखा आणि दुसरा करडा, हे वाईट लक्षण. तिसरी : जुन्या काठात मळ खोल मुरलेला असतो आणि तो हाताळण्याच्या जागी जास्त, बाकी ठिकाणी कमी असतो. सगळीकडे एकसारखा तपकिरी काठ दिसला तर चहाच्या पाण्यात बुडवून जुना केलेला असू शकतो.

चौथी गोष्ट सगळ्यांत जास्त पैसे बुडवते. बुडाच्या काठाला आतल्या बाजूने एक पातळ उभी कड असते, झाकण तिच्यावर बसतं. ही कड जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाड. झाकण फिरवून काढण्याची सवय असलेल्या हातात तिचा टवका उडतो. झाकण लावलं की टवका दिसत नाही, आणि विक्रेत्याच्या आठ फोटोंपैकी सात झाकण लावलेले असतात. म्हणून बोली लावण्याआधी उघड्या काठाचा, वरून सरळ काढलेला एक फोटो मागवायचाच. तो द्यायला टाळाटाळ झाली तर ती वस्तू सोडून द्यावी.

लिलावाच्या वर्णनात काही शब्द पुन्हा पुन्हा येतात, ते ओळखता आले पाहिजेत. ‘न्यू’ म्हणजे केसाएवढी भेग, ‘होत्सु’ म्हणजे बारीक टवका, ‘काके’ म्हणजे मोठा तुकडा गेलेला, ‘कान्न्यू’ म्हणजे झिलईतलं जाळं. ‘नाओशी’ म्हणजे दुरुस्ती. सोन्याच्या रेषेची दुरुस्ती उघड दिसते. ‘तोमोनाओशी’ मात्र त्याच रंगात मिसळून केलेली असते, ती डोळ्यांना सापडत नाही. त्यासाठी ३६५ नॅनोमीटरची अतिनील टॉर्च घ्यावी. अंधाऱ्या खोलीत फिरवली की आधुनिक रेझिनचा भराव बहुधा भोवतालच्या झिलईपेक्षा वेगळा, फिका चमकतो. ‘जिदाई’ म्हणजे नुसतं ‘जुन्या काळचं’, त्या शब्दाने विक्रेता कोणत्याही सालाला बांधला जात नाही. आणि ‘नो क्लेम, नो रिटर्न’ लिहिलं असेल तर ते शब्दशः खरं समजावं, तक्रार नाही आणि परतावाही नाही.

हत्यारं फार लागत नाहीत. इतवारीच्या सराफ्यात मिळतं तसं दहा पटींचं भिंग, ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा, व्हर्नियर आणि ती टॉर्च.

निळा-पांढरा चौकोनी करंडा, ३,५०० येन

बाजू ५.६ सेंटीमीटर, झाकणावर डोंगर, होडी आणि एक झोपडी. या कामाला ‘सोमेत्सुके’ म्हणतात, झिलईखाली कोबाल्टने रंगवलेलं. विक्रेत्याने ‘जिदाई’ एवढंच लिहिलं होतं. निळा रंग गडद, थोडा जांभळट आणि सगळीकडे एकसारखा आहे. नैसर्गिक कोबाल्ट-मातीचा निळा असा नसतो. तो राखट असतो, मध्येच फिका पडतो. आयात केलेला शुद्ध कोबाल्ट जपानी कुंभारांच्या हाती आला तो मेजी काळात (१८६८ ते १९१२). गॉटफ्रीड वागनर हा जर्मन रसायनतज्ज्ञ १८७० मध्ये अरिता या पोर्सेलिनच्या गावी आला आणि त्याने तिथे तो वापरायला शिकवला. म्हणजे हा करंडा त्यानंतरचा.

छापील की हाताने रंगवलेला, हे भिंगाखाली पटकन कळतं. कागदी साच्याने उमटवलेल्या नक्षीत रेषा मध्येच तुटतात, कारण साचा सुटू नये म्हणून त्यात पूल ठेवावे लागतात. तांब्याच्या पाटीवरून उतरवलेल्या छापात बारीक समांतर रेघोट्यांची सावली दिसते. इथे होडीची रेष सुरुवातीला जाड, शेवटी केसासारखी निमुळती आहे आणि वळणावर रंग साचला आहे. हे कुंचल्याचं काम. काठ स्वच्छ, झाकण एका बाजूनेच नीट बसतं. आतल्या बुडावर फिकट काळा डाग आहे. तो नेरिकोचा, म्हणजे करंडा खरोखर वापरलेला. तो डाग घासून काढू नये. या भावात पहिला करंडा म्हणून बिनधास्त घ्यावा.

पांढरं पिल्लू, १२,००० येन

चौघांतलं हेच खरं रत्न. लांबी ६.४ सेंटीमीटर, वजन ८८ ग्रॅम. पाय पोटाशी घेऊन झोपलेलं कुत्र्याचं पिल्लू. विक्रेता म्हणतो हिराडो. हिराडोच्या मात्सुरा सरदारांच्या आश्रयाखालच्या भट्ट्या मिकावाची इथे होत्या, आजच्या सासेबो शहराच्या हद्दीत. म्हणून एकाच कामाला दोन नावं. तिथल्या पांढऱ्या मातीला आमाकुसा बेटांवरचा दगड लागतो आणि त्यामुळेच ती इतकी दाट, बारीक पोताची होते.

पिल्लाची पाठ म्हणजे झाकण. जोड कुठे आहे ते पहिल्या नजरेला सापडत नाही, कारण कारागिराने तो सरळ रेषेत न नेता कानाखालून, मग पोटाच्या केसांच्या लाटेबरोबर वळवत शेपटीपाशी संपवला आहे. असा वळणारा काठ दोन्ही भागांवर तंतोतंत कापणं आणि भट्टीतून तसाच बाहेर काढणं, यातच त्याचं कसब. पंजांच्या फटीत झिलई साचून निळसर झाली आहे. उंचवट्यांवर ती इतकी पातळ की केसांची एकेक रेघ दिसते. डोळे तपकिरी-काळे, एकेका फटकाऱ्याचे. उजव्या कानामागे लोहाचे दोन सूक्ष्म ठिपके आहेत, मातीतलेच. त्यांना दोष मानू नये.

झाकण उलटं करून आत बघितलं तर भिंतीची जाडी कमीजास्त आहे आणि बोटांचे पुसट खळगे आहेत. म्हणजे माती साच्यात हाताने दाबून भरली आहे. पातळ माती प्लास्टरच्या साच्यात ओतून केलेल्या वस्तूची आतली बाजू बाहेरच्या उंचसखल आकाराची हुबेहूब नक्कल करते आणि जाडी सगळीकडे सारखी येते. ही प्लास्टरची रीत जपानमध्ये आली ती १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनाला गेलेल्या मंडळींकडून. पण एवढ्यावरून हा करंडा १८७३ च्या आधीचा ठरत नाही. दाबून भरण्याची पद्धत पुढेही चालूच राहिली. झिलई फार स्वच्छ आहे, बुडावरची झीज थोडी आहे, त्यामुळे मेजीचा उत्तरार्ध किंवा तैशो, म्हणजे ढोबळ १८९० ते १९२५, असं आमचं मत. विक्रेता एकोणिसाव्या शतकाचा मध्य सांगतो, ते मान्य नाही. तरीही १२,००० येन योग्य.

एक गालबोट आहे. आतल्या कडेला तीन मिलिमीटरचा ताजा टवका. विक्रेत्याच्या फोटोत तो नव्हता. त्याबद्दल पुढे.

रंगीत कासव, ९,००० येन, पेटीसह

पिवळं, हिरवं, वांगी रंगाचं कासव, ‘कोची’ शैलीतलं. कोची म्हणजे कोचीन-चीन, व्हिएतनामच्या एका भागाचं जुनं नाव, पण या शैलीचे मूळ करंडे व्हिएतनामचे नव्हेत. ते चीनच्या फुजियान प्रांतातले, जपानी चहाविधीच्या रसिकांनी जपून ठेवलेले. १८५५ मध्ये जपानात करंड्यांची एक यादी छापली गेली, सुमो पहिलवानांच्या क्रमवारीसारखी, पूर्व आणि पश्चिम अशा दोन फळ्यांत. दोनशेहून जास्त प्रकार त्यात आहेत आणि पूर्वेच्या फळीत पहिल्या स्थानावर आहे कोचीचं मोठं कासव. त्यामुळे कासवाच्या नकला पुढे अमाप झाल्या. क्योतोच्या एइराकु घराण्याने अशा शैलींत फार चांगलं काम केलं. होझेन (१७९५ ते १८५४) आणि त्याचा मुलगा वाझेन ही त्यातली मोठी नावं.

या कासवाच्या पेटीवर एइराकु लिहिलं आहे, आणि अडचण तिथेच आहे. कारागिराने स्वतः लिहिलेल्या मूळ पेटीला ‘तोमोबाको’ म्हणतात, कुठून तरी जुळवून आणलेलीला ‘आवासेबाको’. मूळ पेटी वस्तूच्या मापाने बनवलेली असते. कापडात गुंडाळल्यावर बाजूंना चार-पाच मिलिमीटर जागा उरते. इथे एका बाजूला १४ मिलिमीटर उरतात. पेटीवरचा शिक्का आणि कासवाच्या पोटावरचा शिक्का एकाच अक्षराचे असले तरी चौकट वेगळी आहे. पेटी दुसऱ्या करंड्याची. विक्रेत्याने फसवलं असं म्हणवत नाही, वर्णनात त्याने ‘पेटी आहे’ एवढंच लिहिलं होतं. पेटीसाठी जास्त पैसे मोजण्याआधी पेटीची आतली मापं मागवावीत.

दुसरं म्हणजे हे पोर्सेलिन नाही. पोटाच्या उघड्या मातीवर पाण्याचा थेंब ठेवला की काही सेकंदांत जिरतो, पोर्सेलिनवर तो तसाच उभा राहतो. टिचकीचा आवाजही बद्द. फक्त पोर्सेलिनचा संग्रह करणाऱ्याने हे घेऊ नये. झिलई मात्र डोळ्याचं पारणं फेडते, हिरव्या-पिवळ्याच्या सीमेवर रंग थोडासा ओघळून थांबला आहे. अशा कमी तापमानाच्या रंगीत झिलईत शिसं असतं. लिंबू, चिंच, व्हिनेगर यांच्या जवळपासही नेऊ नये, आणि आत बडीशेप, लवंग, सुपारी कधीही ठेवू नये.

लाल-सोनेरी गोल डबी, २,८०० येन

हिच्यावर थोडक्यात. ७.५ सेंटीमीटर व्यास, उथळ, बूड जड, कुतानी या जपानी रंगीत भांडीकामाचा शिक्का, लाल जमिनीवर सोन्याची वेलबुट्टी. विक्रेत्याने करंडा म्हणून विकली, पण आत तेलकट लाल डाग आहे. तो शिक्क्याच्या लाल शाईचा. ही ‘निकुची’, शाईची डबी. आत पांढरी भुकटी बसलेली दिसली तर ती चेहऱ्याच्या पावडरीची डबी समजावी. झाकणाला छिद्रं असतील तर ते धूपपात्र, ज्यात उद जळतो. करंड्यात उद फक्त ठेवतात. हे तिन्ही प्रकार ‘इन्सेन्स बॉक्स’ म्हणून सर्रास विकले जातात. कामठीच्या ड्रॅगन पॅलेस बुद्धमंदिरामुळे जपानी बौद्ध पूजेची ओळख असलेल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं : पूजेत उदाची पूड ठेवायच्या डबीलाही कोगोच म्हणतात, पण चहाविधीचा करंडा सहसा त्याहून छोटा आणि खेळकर आकाराचा.

मध्यस्थाची सेवा

बोली, पैसे भरणं, गोदामात वस्तू आल्याची सूचना, हे सगळं वेळेवर. चूक झाली ती पार्सलं एकत्र करताना. विक्रेत्याने पिल्लाचं झाकण आणि बूड वेगवेगळं गुंडाळून पाठवलं होतं, गोदामातल्या फोटोत ते स्पष्ट दिसतं. तिथल्या कर्मचाऱ्याने जागा वाचवायला ती पुडकी उघडली, झाकण बुडावर बसवलं आणि वरून बबल रॅप घट्ट ओढला. पार्सल हादरलं की झाकण आतल्या आत कडेवर आपटत राहतं. टवका त्यातूनच उडाला. तक्रार केली तर उत्तर आलं की बाहेरचा खोका शाबूत आहे, म्हणून भरपाई नाही.

उपाय दोन. महागाचा करंडा एकत्र बांधायला देऊ नये, विक्रेत्याच्या बांधणीसकट तसाच पुढे पाठवायला सांगावं. आणि सूचनेच्या रकान्यात जपानीत लिहावं, ‘फुता तो मी ओ बेत्सुबेत्सु नि त्सुत्सुंदे कुदासाई’, म्हणजे झाकण आणि बूड वेगवेगळं गुंडाळा. मधे नुसतं कागदाचं बोळं चालत नाही. आधी मऊ टिश्यू, मग बबल रॅप, आणि चिकटपट्टी वस्तूला थेट कधीच नाही. सोन्यावर ती लागली तर सोनं घेऊनच निघते.

सीमाशुल्कासाठी चलनावर नुसतं ‘बॉक्स’ लिहू देऊ नये. ‘पोर्सेलिनची झाकणाची डबी, वापरलेली’ आणि खात्री असेल तरच अंदाजे काळ. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंचं वर्गीकरण (९७०६) वेगळं असतं, पण त्यासाठी वयाचा आधार दाखवावा लागतो आणि ‘जिदाई’ शब्दाने तो मिळत नाही. ओळखपत्राची केवायसी आधीच पूर्ण ठेवावी, नाहीतर पार्सल अडून राहतं. परत पाठवण्याचा विचार सोडून द्यावा. शंभर वर्षं पूर्ण झालेल्या पुरावस्तू देशाबाहेर नेण्यावर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याची बंधनं आहेत, साधी दुरुस्तीसुद्धा जपानला पाठवून करता येईल असं गृहीत धरू नये.

नागपुरात ठेवताना

चिनी माती नागपूरचा मे महिना सहज सोसते, पेटी नाही. पेटी ‘किरी’ लाकडाची असते, हलकी आणि ओलावा शोषणारी. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात ती आक्रसते, झाकण सैल होतं. जुलैत फुगून अडकतं. तेव्हा ओढू नये, पंख्याखाली दोन दिवस ठेवावं, आपोआप सुटतं. सगळ्यांत वाईट जागा म्हणजे कूलरच्या झोताची. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी ओली हवा पेटीला बुरशी आणते आणि कूलरच्या जड पाण्याचे पांढरे ठिपके झिलईवर बसतात. कपाट भिंतीला चिकटवून ठेवू नये, वाळवी लागू शकते. दर खणात ५० ग्रॅम सिलिका जेल, पावसाळ्यात महिन्यातून एकदा तापवून कोरडी केलेली.

धुवायचं तर कोमट आरओचं पाणी आणि मऊ ब्रश, जुनी दुरुस्ती असेल तर भिजवत ठेवायचं नाही. सोनं आणि वरचे रंग झिलईनंतर सातशे-आठशे अंशांना पुन्हा भाजून बसवलेले असतात, घासलं की जातात, म्हणून पितळेच्या पावडरीला इथे काम नाही. आणि कितीही मोह झाला तरी आत कुंकू भरू नये. त्या उघड्या काठात लाल रंग एकदा शिरला की निघत नाही, आणि पुढचा जाणकार ती डबी शाईची समजेल. चंदनाचा छोटा तुकडा चालतो. नेरिको ठेवायचा असेल तर कॅमेलियाऐवजी बकुळीचं धुऊन पुसलेलं पान घालावं, गुळगुळीत बाजू वर.